वाचकांचे प्रश्न : हाडांच्या ऑपरेशननंतर येणारा ताप

ऑपरेशन नीट झाले, पण ताप आला, आता काय? या एका विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही घाबरलेल्या नातेवाइकांची आहेत, काही वॉर्डात काम करणाऱ्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून अस्थिशल्यचिकित्सक आणि फिजिशियन यांनी मिळून ही उत्तरे दिली आहेत. औषधांचे डोस प्रौढांचे आहेत. ज्याच्या रुग्णाला आत्ता दम लागतो आहे किंवा ग्लानी आली आहे, त्याने हे वाचत न बसता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आईच्या गुडघ्याचा सांधा बदलला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १०१ ताप आला. डॉक्टरांनी तपासले आणि पॅरासिटामॉल चालू ठेवा म्हणाले. रक्त तपासले नाही, उलट चालू असलेले अँटिबायोटिकही बंद केले. हा निष्काळजीपणा नाही का?

उत्तर : नाही. तुम्ही लिहिले आहे त्यावरून तरी सगळे रीतसर झाले आहे.

सांधा बदलताना हाडाची टोके कापली जातात, मज्जेची पोकळी उघडी पडते, भोवतालच्या ऊती ताणल्या-कापल्या जातात आणि आत थोडे रक्त साचते. या इजेला उत्तर म्हणून शरीरातल्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखी रसायने रक्तात सोडतात. ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचली की तिथे प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होते आणि तापमानाची ठरलेली पातळी वर सरकते. ताप आला, पण जंतू कुठेच नाहीत. हा ताप बहुधा पहिल्या ४८ तासांत येतो, संध्याकाळी चढतो, सकाळी उतरतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत दर संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा कमी होत जातो. रुग्ण जेवतो, बोलतो, वॉकर धरून चार पावले टाकतो. मोठ्या ऑपरेशननंतर, उदाहरणार्थ दोन्ही गुडघे एकदम बदलले असतील तर, तो जास्त चढतो.

रक्त का तपासले नाही? कारण त्या दिवशी तपासून काही कळले नसते. सीआरपी हा दाह दाखवणारा घटक ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असतो. त्या दिवशी तो लिटरला १०० ते २०० मिलिग्रॅम दिसला तरी जंतुसंसर्ग आहे असे म्हणता येत नाही. पांढऱ्या पेशीही वाढलेल्या असतात, आणि उलटी होऊ नये म्हणून भूल देताना डेक्सामेथासोन दिले असेल तर आणखी वाढतात. ईएसआर ही दाह दाखवणारी दुसरी रक्ततपासणी, तिचा आकडा आठवडाभर चढतो आणि उतरायला काही महिने घेतो. तब्येत चांगली असताना पहिल्या दोन दिवसांत रक्ताचे कल्चर (नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) लावले, तर त्यातही क्वचितच काही सापडते.

अँटिबायोटिक बंद केले हेही योग्यच. ते प्रतिबंधासाठी होते. सेफाझोलिनचा २ ग्रॅमचा डोस, वजन १२० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर ३ ग्रॅम, चीर देण्याआधीच्या तासाभरात जातो आणि त्याचे खरे काम जखम उघडी असतानाच होते. २४ तासांनंतर तो चालू ठेवल्याने संसर्ग टळतो असे दिसलेले नाही. जुलाब आणि औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. ताप दिसला की अँटिबायोटिक वाढवायचे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे.

जाता जाता एक जुना समज. ‘ऑपरेशननंतर फुप्फुसाचा तळ दबतो म्हणून ताप येतो’ असे डॉक्टरांच्या पिढ्यांना शिकवले गेले. त्याला भक्कम पुरावा नाही. ताप आणि फुप्फुसाचा दबलेला भाग दोन्ही त्याच दोन दिवसांत दिसतात, म्हणून त्यांची सांगड घातली गेली. पण म्हणून चेंडूंच्या स्पायरोमीटरचा (श्वासाने चेंडू उचलायच्या यंत्राचा) व्यायाम सोडू नका. तो ताप उतरवत नाही, पण पडून राहणाऱ्याचे श्वसन मोकळे ठेवायला उपयोगी पडतो.

मात्र ‘पहिल्या ४८ तासांचा ताप निरुपद्रवी’ या नियमाला एक भयंकर अपवाद आहे. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस आणि क्लॉस्ट्रिडियम हे जंतू काही तासांत मांस नासवतात. जखमेची वेदना औषधाला दाद देत नाही आणि दर तासाला वाढते, कातडी तांबूस होऊन मग निळसर-काळपट पडते, फोड येतात, दाबल्यावर चुरचुर जाणवते, मळकट पातळ पाणी येते आणि नाडी तापाच्या मानाने फारच जोरात चालते. यातले काहीही दिसले तर पहिल्याच दिवशी ड्रेसिंग उघडून जखम पाहावी लागते, आणि रुग्णाला मध्यरात्रीसुद्धा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावे लागते. ‘तपासले’ या शब्दात नाडी, श्वासाची गती, ऑक्सिजन आणि जखमेची वेदना हे सगळे धरलेले असते. ते झाले असेल तर निश्चिंत राहा.

प्रश्न : किती असला म्हणजे ताप म्हणायचा? काखेत ९९.८ दाखवतो, कपाळाच्या यंत्रात १०१. शिवाय ऑपरेशनचा गुडघा हाताला सतत गरम लागतो, महिना झाला तरी.

उत्तर : तोंडातले तापमान १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा जास्त असेल तर ताप. १०१.३ म्हणजे ३८.५ च्या वर गेला, तर कारण शोधायलाच हवे. काखेत साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी दिसते. कपाळाचे यंत्र घाम, पंखा, नुकतेच उन्हातून येणे या सगळ्यांनी चुकते. त्याच्यावर निर्णय घेऊ नका. डिजिटल थर्मामीटर जिभेखाली, मागच्या बाजूला ठेवा, तोंड मिटा, चहा-पाणी घेतले असेल तर २० मिनिटे थांबा. रोज त्याच जागी, सकाळी आणि संध्याकाळी मोजा आणि पॅरासिटामॉलचा पुढचा डोस घेण्याआधी मोजा, नंतर नाही.

बदललेला गुडघा दुसऱ्या गुडघ्यापेक्षा काही महिने गरम लागतो. ती बरे होण्याचीच प्रक्रिया आहे. गरमपणा रोज कमी होत असेल किंवा तेवढाच राहिला असेल, तर काळजी नको. शांत झालेला गुडघा पुन्हा लाल, ताणलेला आणि ठणकणारा झाला, तर दाखवा.

प्रश्न : मी अस्थिरोग वॉर्डात स्टाफ नर्स आहे. चौथ्या दिवशी ताप आला की जो तो जखमेकडेच बघतो. कोणत्या क्रमाने पाहावे?

उत्तर : जखमेचा संसर्ग चौथ्या दिवशी सहसा अजून दिसू लागलेला नसतो, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास तो उघड होतो. चौथ्या दिवसाचे चोर बहुतेक वेळा जखमेपासून दूर सापडतात, आणि आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

हातापासून सुरुवात करा. सलाईनच्या सुईवरची पट्टी पूर्ण काढून पाहा, वरून चाचपू नका. शिरेवर लाल रेघ, दोरीसारखा कडकपणा किंवा टोचल्या जागी पिवळा ठिपका दिसला तर सुई त्याच क्षणी काढा. औषध तोंडाने देता येत असेल, तर नवी घालूच नका. दोन दिवसांपूर्वी काढलेल्या सुईची जागाही पाहा, कारण ती कुणीच पाहत नाही.

मग लघवीची नळी. ती का आहे असे विचारून समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर काढा. बहुतेक सांधेबदलांत २४ तासांनंतर तिची गरज नसते, आणि प्रत्येक वाढत्या दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता वाढते. नमुना पिशवीतून घेऊ नका. पिशवीतले मूत्र तासन्‌तास तसेच पडलेले असते आणि त्यात जंतू वाढलेलेच मिळतात. नळीवरचे नमुन्याचे तोंड स्पिरिटने पुसून, निर्जंतुक सिरिंजने ताजे मूत्र घ्या. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर आधी बदला आणि नव्या नळीतून नमुना घ्या. आणखी एक गोष्ट: नळी असलेल्याच्या लघवीत जंतू सापडले म्हणजे तापाचे कारण सापडले असे नाही. ओटीपोट किंवा कूस दुखणे, थंडी वाजणे, नव्याने आलेले भ्रमिष्टपण यांची जोड हवी. हे न पाहिल्याने लघवीच्या अहवालावर उपचार चालू राहतो आणि खरे कारण मागे तसेच राहते.

तिसरे, छाती. श्वासाची गती पूर्ण एक मिनिट मोजा. तक्त्यात सगळ्यांचाच ‘२०’ लिहिलेला असतो, तो मोजलेला नसतो. मिनिटाला २५ किंवा जास्त, ऑक्सिजन घसरलेला, खोकल्यात पिवळा बेडका असे असेल तर न्यूमोनिया धरून चाला. जेवताना ठसका लागतो का, हे वृद्ध रुग्णाच्या बाबतीत जरूर विचारा.

चौथे, पाठ आणि टाचा. रुग्णाला कुशीवर वळवून माकडहाडाजवळची कातडी पाहा. खुब्याच्या रुग्णाला दुखते म्हणून वळवलेले नसते, आणि तिथेच दाबव्रण (सतत दाब पडून होणारी जखम) होतो. पाचवे, दोन्ही पोटऱ्या. त्याबद्दल पुढे येते. सहावे, दुसरे सांधे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात गाउट किंवा कॅल्शियमच्या स्फटिकांचा झटका येऊ शकतो: उजवा गुडघा बदललेला आणि डावे मनगट किंवा पायाचा अंगठा सुजलेला. अशा झटक्यात युरिक आम्ल सामान्यही असू शकते, तेव्हा सांध्यातले पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते.

अँटिबायोटिक घेतलेल्याला दिवसात तीन किंवा जास्त पातळ जुलाब होत असतील, तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यातल्या जंतूची तपासणी पाठवा आणि हात साबण-पाण्याने धुवा. अल्कोहोलच्या जेलने त्याचे बीजाणू मरत नाहीत. दारूची सवय असलेल्याला तिसऱ्या दिवसाच्या आसपास ताप, थरथर, घाम आणि भास होत असतील तर तो दारू तुटल्याचा परिणाम असू शकतो, आणि तीही तातडीची स्थिती आहे. शेवटी औषधांचा तक्ता वाचा आणि मग जखम पाहा. थंडी वाजून ताप आला किंवा रक्तदाब घसरला, तर हा सगळा क्रम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना बोलवा. अँटिबायोटिकच्या आधी दोन वेगळ्या शिरांतून रक्ताचे कल्चर घ्यायचे, पण त्यासाठी औषधाला उशीर करायचा नाही.

प्रश्न : भावाच्या मांडीचे हाड मोडले. रॉड घातल्याच्या दुसऱ्या दिवशी ताप, धाप आणि तो असंबद्ध बोलू लागला. अतिदक्षता विभागात हलवले. ‘चरबी फुप्फुसात गेली’ म्हणाले. तो तर सडपातळ आहे!

उत्तर : ही चरबी पोटावरची नव्हे, हाडाच्या मज्जेतली. मांडीचे किंवा नडगीचे लांब हाड मोडले, किंवा त्याच्या पोकळीत रॉड बसवताना दाब वाढला, की मज्जेतल्या चरबीचे थेंब शिरांत शिरतात आणि फुप्फुसात अडकतात. काही पुढे मेंदूपर्यंत जातात. त्यामुळे सडपातळ, तरुण माणसालाही हे होते. उलट तरुणांतच लांब हाडांचे अपघाती मोड जास्त असतात.

इजेनंतर साधारण २४ ते ७२ तासांत तीन गोष्टी दिसतात: ऑक्सिजन घसरून धाप, गोंधळ किंवा गुंगी, आणि छातीच्या वरच्या भागावर, काखेत, पापणीच्या आतल्या बाजूला बारीक लालसर ठिपके. ठिपके सगळ्यांना येत नाहीत आणि लवकर विरतात, म्हणून ते नसले तरी निदान रद्द होत नाही. ताप आणि वेगवान नाडी सोबत असतात. यावर उतारा म्हणून वेगळे औषध नाही. ऑक्सिजन देणे, लागला तर व्हेंटिलेटर लावणे, रक्तदाब सांभाळणे आणि वेळ जाऊ देणे हाच उपचार. बरेच रुग्ण यातून पूर्ण सावरतात. मोडलेले हाड लवकर, शक्यतो पहिल्या २४ तासांत, स्थिर केल्याने धोका कमी होतो. ‘आधी ताप उतरू दे, मग ऑपरेशन’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

प्रश्न : रक्त चढवताना बाबांना हुडहुडी भरली, ताप १०२ झाला. रक्त चुकीचे होते का?

उत्तर : बहुधा नाही. रक्त चढत असताना किंवा त्यानंतर चार तासांत तापमान एक अंश सेल्सिअस वाढून ३८ च्या वर जाणे ही पांढऱ्या पेशींमुळे आणि साठवणीत जमलेल्या रसायनांमुळे येणारी प्रतिक्रिया असते, आणि ती पॅरासिटामॉलने शमते. पण त्या क्षणी ‘बहुधा’ पुरत नाही. चुकीच्या गटाच्या रक्ताची प्रतिक्रियाही अशीच तापाने सुरू होते. म्हणून चढवणे थांबवायचे, सुई काढायची नाही, नव्या नळीने सलाईन चालू ठेवायचे, पिशवीवरचे नाव, गट आणि क्रमांक रुग्णाच्या मनगटपट्टीशी ताडून पाहायचे. पाठ-कंबर दुखू लागली, लघवी लाल-काळी झाली, रक्तदाब पडला किंवा दम लागला, तर पिशवी नळीसह रक्तपेढीत परत जाते. ‘थोडे हळू सोडू’ हा उपाय नव्हे.

प्रश्न : खुबा बदलून १२ दिवस झाले. टाके काढले, पण खालच्या टोकातून पाणी येते, रोज एक पट्टी भिजते. कालपासून १००.८ ताप. जवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. घेऊ का?

उत्तर : गोळी घेऊ नका. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांना आजच दाखवा. ही टाळाटाळ करण्याची बाब नव्हे. गोळ्या लिहून देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण कृत्रिम सांध्याच्या बाबतीत गोळी सुरू होणे हे उपचार सुरू होणे नसते. अनेकदा निदानच हातून निसटते.

याचे कारण धातू आणि प्लास्टिक. जंतू, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस, कृत्रिम सांध्याच्या पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. पहिले काही दिवस हा थर कोवळा असतो. आठवडे जातात तसा तो पक्का होतो आणि मग आतल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक पुरेसे पोचत नाही. गोळीने वरवरचे जंतू मरतात, ताप उतरतो, पाणी आटते आणि सगळे खूश होतात. थराखालचे जंतू शिल्लक राहतात. गोळी संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तक्रार परतते, आणि दरम्यान सांधा वाचवता येण्याची मुदत गेलेली असते. शिवाय गोळीमुळे कल्चर निर्जंतुक येते, म्हणजे कोणत्या जंतूशी गाठ आहे ते कळत नाही.

जखमेतून ७२ तासांपलीकडे पाणी येत राहिले, तर ते लक्षात घ्यायला हवे. पाच ते सात दिवसांनंतरही थांबले नाही, तर ऑपरेशन करून आत पाहण्याचा विचार होतो. तुमचे १२ दिवस झाले आणि आता ताप आहे. आज साधारण असे व्हायला हवे: सीआरपी, आणि तो आधी कधी केला असेल तर त्याच्याशी तुलना. तिसऱ्या दिवशी १५० असलेला सीआरपी आज २५ असेल तर उतार चालू आहे. ४० वर येऊन पुन्हा ११० झाला असेल तर आत काहीतरी आहे. एकट्या आकड्यापेक्षा हा चढ-उतार जास्त बोलतो. मग सांध्यातले पाणी निर्जंतुक पद्धतीने, खुब्यासाठी सोनोग्राफी किंवा क्ष-किरणाच्या मदतीने, सुईने काढायचे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत त्यात दर मायक्रोलिटरला १०,००० हून जास्त पांढऱ्या पेशी असतील, तर संशय बळावतो. पुढे, जुन्या सांध्यात, हीच सीमा ३,००० ची धरतात. जखमेच्या तोंडावर कापूस फिरवून केलेले कल्चर विश्वासाचे नसते, कारण त्यात कातडीवरचे जंतू येतात. ते कुणी करत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

संसर्ग ठरला तर आता, सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत आणि तक्रार नवी असताना, सांधा न काढता वाचवण्याची संधी असते. जखम पूर्ण उघडून मृत ऊती काढतात, भरपूर पाण्याने धुतात, सांध्याचे सुटे भाग, म्हणजे प्लास्टिकची वाटी आणि गोळा, बदलतात, आणि ऊतींचे पाच-सहा वेगवेगळे तुकडे वेगळ्या हत्यारांनी घेऊन कल्चरला पाठवतात. एकाच तुकड्यात जंतू आला तर तो बाहेरचा असू शकतो, दोन-तीन तुकड्यांत तोच आला तर तो खरा. कल्चर १४ दिवसांपर्यंत ठेवतात. खांद्याच्या सांध्यात आढळणारा क्युटिबॅक्टेरियम हा जंतू सावकाश वाढतो आणि तीन दिवसांत ‘काही आले नाही’ म्हणून बंद केलेल्या बाटलीत तो सापडत नाही. त्यानंतर आधी शिरेतून, मग तोंडाने, सहसा १२ आठवडे औषध चालते. रिफाम्पिसिन द्यायचे असेल तर जखम कोरडी झाल्यावर आणि नेहमी दुसऱ्या औषधाच्या जोडीने. एकटे दिले तर जंतू काही दिवसांत त्याला सरावतो.

तुम्ही आजच त्यांना गाठले आणि ते म्हणाले की हे फक्त साचलेल्या रक्ताचे पाणी आहे, तर उत्तमच. पण हे सुई टोचून ठरवायचे असते, अंदाजाने नाही. रुग्ण गळून गेला, रक्तदाब कमी झाला, हुडहुडी भरली, तर मात्र नमुने घेऊन त्याच तासात अँटिबायोटिक सुरू करतात. जीव वाचवणे निदानाच्या आधी येते.

प्रश्न : गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात बारीक ताप, पोटरी सुजलेली. जखम स्वच्छ आहे. रक्त पातळ करणारी गोळी दहाव्या दिवशी संपली. डी-डायमर करून पाहू का?

उत्तर : डी-डायमर ही गुठळीच्या संशयात करायची रक्ततपासणी नको, डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) करा, आणि आजच. मोठ्या ऑपरेशननंतर डी-डायमर आठवडेच्या आठवडे वाढलेलाच असतो, त्यामुळे ‘वाढला’ म्हणजे काहीच कळत नाही. शिरेतल्या गुठळीने येणारा ताप सहसा हलका असतो. १०२ च्या वर गेला, तर दुसरे कारण शोधा. दोन्ही पोटऱ्यांचा घेर नडगीच्या वरच्या हाडाच्या उंचवट्याखाली १० सेंटिमीटरवर फीतपट्टीने मोजा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक महत्त्वाचा. ऑपरेशन केलेला पाय थोडा सुजलेला असतोच, म्हणून एकट्या मापावर विसंबू नका. पोटरी चोळू नका, मालिश करू नका. दम लागला, श्वास घेताना छातीत टोचले, खोकल्यातून रक्त आले तर गुठळी फुप्फुसात पोचली असे समजून रुग्णवाहिका बोलवा.

दहा दिवसांनी गोळी थांबवण्यात चूक नसेलही. गुडघ्यासाठी किमान १० ते १४ दिवस आणि खुब्यासाठी ३५ दिवसांपर्यंत ती देण्याची प्रथा आहे, आणि वजन, आधीची गुठळी, कर्करोग यांवर मुदत बदलते.

प्रश्न : हाडाच्या संसर्गासाठी पत्नीला दोन आठवडे शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे. पहिल्या आठवड्यात ताप गेला, आता पुन्हा १०२. पण ती अगदी ताजीतवानी दिसते, गप्पा मारते. डॉक्टर आणखी एक अँटिबायोटिक जोडू म्हणतात.

उत्तर : जोडण्याआधी वजा करून पाहता येईल का, ते त्यांना जरूर विचारा. ताप मोठा आणि माणूस ठणठणीत, सीआरपी खाली चाललेला, तापाच्या मानाने नाडी संथ, कधी अंगावर बारीक पुरळ आणि रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले: हे चित्र औषधानेच आलेल्या तापाचे असू शकते. पेनिसिलिन-सेफालोस्पोरिन गटातली औषधे, व्हॅन्कोमायसिन, सल्फा, फेनिटॉइन ही त्यातली नेहमीची नावे. सुरू केल्यापासून साधारण आठवडा ते दहा दिवसांनी हा ताप उगवतो. संशयित औषध बदलले तर ४८ ते ७२ तासांत बहुतेक उतरतो. अर्थात आधी जखम, पूचा नवा खिसा आणि शिरेत बसवलेली मध्यवर्ती नळी तपासून झालेली हवी. लांब मुदतीच्या नळीतून येणारा संसर्ग जास्त धोक्याचा असतो आणि नळीतून औषध सोडल्यावर तासाभरात थंडी वाजणे ही त्याची खूण.

याच्याशी चुलतनाते असलेला आणखी एक प्रकार: नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्याला दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल दिले, किंवा संसर्गासाठी लिनेझोलिड, तर सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन वाढून ताप, घाम, थरथर, जुलाब, अस्वस्थता आणि पावलाला झटके येऊ शकतात. हा तासाभरात किंवा दिवसाभरात उमटतो. घरी चालू असलेली प्रत्येक गोळी भूलतज्ज्ञाला दाखवण्याचा आग्रह असतो, तो याचसाठी.

प्रश्न : आजोबा ८४ वर्षांचे, खुब्याचे हाड मोडून ऑपरेशन झाले. ताप मुळीच नाही, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण दोन दिवस ते झोपूनच आहेत, जेवत नाहीत.

उत्तर : ताप नसणे हे या वयात प्रमाणपत्र नव्हे. म्हातारपणात शरीर पुरेसा ताप चढवत नाही, आणि त्यांना दर सहा तासांनी पॅरासिटामॉल, कदाचित स्टिरॉइडही चालू असेल. दोन्हींनी ताप झाकला जातो. त्यांचे नेहमीचे तापमान ९६.८ असेल, तर ९८.८ हाही त्यांच्यासाठी ताप आहे. उलट ९६.८ च्या खाली घसरणे जंतुसंसर्गात आणखी वाईट लक्षण. अचानक आलेली गुंगी, वेळ-जागेचा गोंधळ, जेवण सोडणे, श्वास वाढणे हेच त्यांचे ‘ताप आला’ सांगणे समजा. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, दाबव्रण, रक्तातले सोडियम, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, झोपेच्या गोळ्या, सगळे आजच पाहायला हवे.

पॅरासिटामॉल बंद करून ताप ‘उघडा पाडायची’ गरज नाही. वेदना शमली तरच ते उठून बसतील. मात्र डोस मोजा. दिवसाला ४ ग्रॅम ही प्रौढाची कमाल, आणि वजन ५० किलोच्या आत किंवा यकृत कमजोर असेल तर डॉक्टर ती बरीच खाली आणतात. ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, ते बेरजेत धरा.

प्रश्न : मुलीच्या पायाला ऑपरेशननंतर प्लास्टर आहे. ताप आहे आणि प्लास्टरला वास येतो. डॉक्टर म्हणतात प्लास्टर काढायला अजून तीन आठवडे आहेत.

उत्तर : त्यांना वासाबद्दल सांगितले आहे का? घामाचा आंबट वास वेगळा, कुजका वास वेगळा. कुजका वास, प्लास्टरवर पसरत जाणारा डाग, एकाच जागी आग होणे आणि ताप असेल तर खिडकी कापून किंवा प्लास्टर काढून आतली जखम पाहावीच लागते. हाड हलेल या भीतीने थांबायचे नसते, नवे प्लास्टर पुन्हा घालता येते. आत खाजवायला पट्टी किंवा सुई घातली होती का, हे तिला रागावून विचारू नका, नाही तर खरे सांगणार नाही.

प्रश्न : प्लेट शरीराला मानवत नाही म्हणून ताप येतो का?

उत्तर : नाही. धातूची ॲलर्जी असलीच तर पुरळ, खाज किंवा सांध्याभोवती दुखणे अशा रूपात दिसते. तिच्या माथी ताप मारून खरे कारण शोधायचे थांबवू नये.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी खुबा बदलला, छान चालत होते. गेल्या आठवड्यात पायाला गळू झाले. परवापासून थंडी वाजून ताप आणि त्याच खुब्यात ठणका, पाय टेकवत नाही. इतक्या वर्षांनी संबंध असू शकतो?

उत्तर : असू शकतो, आणि तो आहे असे धरूनच आज रुग्णालयात जा. कृत्रिम सांधा कितीही जुना असला तरी गळू, दाताचा पू, पायाची चिघळलेली जखम यांतले जंतू रक्तातून त्याच्यापर्यंत पोचू शकतात. या प्रकारात लक्षणे अचानक येतात. काल ठीक असलेला सांधा आज टेकवत नाही. तक्रार सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आत असेल आणि सांधा घट्ट बसलेला असेल, तर धुऊन सुटे भाग बदलून तो वाचवता येण्याची शक्यता असते. दिवस जातील तशी ती कमी होते. जाताना काही खाऊ नका, कारण ऑपरेशन त्याच दिवशी ठरू शकते. गळूसाठी कुठले अँटिबायोटिक घेत असाल तर त्याची पट्टी सोबत न्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा; सांध्यातले पाणी काढून कल्चर कसे लावायचे, हे त्यावर ठरते. ऑपरेशनच्या वेळचे कागद सापडले तर फारच बरे, त्यातल्या स्टिकरवर सांध्याचा प्रकार आणि माप असते आणि बदलायचा सुटा भाग त्याच मापाचा मागवावा लागतो.